दोन खोक्यांपलीकडचं गणित

२ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार शेवटी करते, आधी कामाचं. बाळं दोन्ही ठीक आहेत, लेक ठीक आहे, मी सोडून सगळे ठीक आहेत. दीड महिना आधी आलेली जुळी म्हणजे एकाला झोपवावं तोवर दुसरं उठतं आणि दुसऱ्याला झोपवावं तोवर लेकीला रडू येतं. मी इथून निदान दोन-अडीच महिने हलत नाही.

आता गणिताचं पुस्तक. त्या मुलीची परीक्षा सत्तावीस मार्चला आहे. छापील पुस्तक एकच असलं तरी ब्रेलमध्ये त्याचे नऊ भाग होतात. सहा तिच्या हातात पडले, तीन माझ्या कॉम्प्युटरमध्ये अर्धवट आहेत, कारण लेकीचा फोन आला आणि मी चपला घालून निघाले. तुला आठवत असेल, कॉलेजातले प्राध्यापक तिला म्हणाले होते की डोळे नसलेल्यांनी गणिताच्या वाटेला जाऊ नये, इतिहास घ्यावा. तिचा बापही आता तेच म्हणायला लागलाय. पुस्तक पुरं झालं नाही तर ती परीक्षेला बसणार नाही, आणि यंदा बसली नाही की तिचं गणित सुटलं ते कायमचंच. माझ्यामुळे हे झालं तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही.

फाइल कुरिअरने पाठवून उपयोग नाही. ब्रेलचं सॉफ्टवेअर त्या एकाच कॉम्प्युटरवर चालतं, आणि तो इतका म्हातारा आहे की नवीन काहीही आत घेत नाही. म्हणून जावईबापूंनी सुचवलं की मीच इथून त्यात शिरायचं. मी इथे टाइप केलं की तिथे उमटेल, मी छाप म्हटलं की शेजारचं ब्रेलचं यंत्र टकटक सुरू करेल. तू फक्त कागद लावायचा, पानं फाडायची, भाग बांधायचे.

अडचण अशी की आपल्याकडे दोन खोकी आहेत. एक दाराजवळचं, इंटरनेट कंपनीचं. दुसरं टेबलावरचं, जावईबापूंनी गेल्या वर्षी पाठवलेलं. बाहेरून कुणी आगंतुक आला की दोन्ही खोकी त्याला हाकलतात, त्यांचं कामच ते. कंपनीच्या खोक्याचं जावईबापूंनी कंपनीशी बोलून मिटवलंय, ते आता येणाऱ्याला अडवत नाही. टेबलावरच्या खोक्याला तू सांगायचं. ५०२१० हा क्रमांक घेऊन कुणी आलं तर त्याला माझ्या कॉम्प्युटरकडे पाठव, असा नियम त्याच्या यादीत लिहायचा. पायऱ्या सोबतच्या चार कागदांवर आहेत. कॉम्प्युटर बंद करू नकोस.

फोनवर पाच मिनिटांचं काम होतं. पण तू चौतीस वर्षं हेडफोन लावून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलास आणि कान तिथेच ठेवून आलास. मेसेज वाचायला मोबाइल घे म्हटलं तर तोही नको. म्हणून हे कुरिअर, तीन दिवस जायला आणि तीन दिवस यायला. असो. नमस्कार.

ठमी

७ फेब्रुवारी

ठमे,

पत्र पाच तारखेला दुपारी मिळालं. सहा तारखेला सकाळी सात वाजता काम केलं. सात वाजून बावीस मिनिटांनी संपलं.

बाहेरून कॉल येतो, तो बोर्डावर येतो, बोर्डावरून एक्स्टेन्शनला जोडायचा. एवढंच होतं ना? मग चार कागद कशाला खर्च केलेस? जावईबापूंना सांग, आम्ही हे कॉर्ड हातात धरून केलंय, दिवसाला नऊशे कॉल. एका भोकातली वायर दुसऱ्या भोकात घालायची, माणसं बोलायला लागायची. त्यांच्या खोक्यात वायर दिसत नाही एवढाच फरक.

खोक्याचा पासवर्ड त्याच्या बुडाला चिकटवलेला आहे. तुझ्या कागदावर लिहिलंय म्हणून तो बदलला. ते काम मला पटलं नाही, पण केलं.

ब्रेलच्या यंत्राला कागद लावून ठेवला आहे. बाळांची नावं ठरली की कळव.

दादा

११ फेब्रुवारी

दादा,

लागत नाही. तुझं पत्र काल आलं, पण आम्ही आठ तारखेपासूनच प्रयत्न करतोय आणि एकदाही लागलेलं नाही. जावईबापू लॅपटॉप मांडीवर घेतात, पत्ता टाकतात, क्रमांक टाकतात, आणि पडद्यावर एक गोल फिरत राहतो. मिनिटभर फिरतो आणि म्हणतो, पलीकडून उत्तर नाही. आता डोळे मिटले तरी मला तो गोल दिसतो.

जावईबापूंचं म्हणणं, आणखी एक भिंत राहिली असणार. कॉम्प्युटरच्या पोटात त्याची स्वतःची राखणदारी असते, तिला फायरवॉल म्हणतात. खोक्याने माणूस आत सोडला तरी ही बया त्याला उंबऱ्यावरून परत पाठवते. तिच्यातही तोच ५०२१० लिहायचा. दुसरं, कॉम्प्युटर पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की झोपतो, ती झोप बंद करायची. दोन्हीच्या पायऱ्या सोबत आहेत. या वेळी दोनच कागद वापरलेत, तुझ्या जिवाला त्रास नको.

आणि दादा, 'केलं' एवढंच लिहू नकोस. केल्यावर पडद्यावर काय दिसलं तेही लिहीत जा. तुझं पत्र म्हणजे तार असते, वाचून माणसाला घाम फुटतो.

सातव्या भागात अजून अठ्ठावीस पानांची दुरुस्ती आहे. आठव्यात सगळ्या आकृत्या. नववा तर मी उघडलेलाही नाही.

ठमी

१५ फेब्रुवारी

ठमे,

पत्र काल मिळालं. फायरवॉलमध्ये नियम लिहिला. कॉम्प्युटरची झोप बंद केली. पडद्यावर हिरवी खूण दिसली. खोक्याच्या यादीतही नियम आहे, तो मी रोज सकाळी सातला भरतोच.

ती मुलगी काल आली होती. बापाने दारापर्यंत सोडलं आणि तो परत खाली जाऊन थांबला. मला ऐकू येत नाही, तिला दिसत नाही, त्यामुळे आमची बोलणी मजेशीर होतात. मी तोंडाने बोलतो आणि ती माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढते. नवव्या वर्षापर्यंत तिला दिसत होतं, त्यामुळे अक्षरं वळणदार आहेत. तिने विचारलं, सातवा भाग कधी? मी म्हणालो, या आठवड्यात. मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा तू बघ.

तिने ब्रेलच्या यंत्रावरून हात फिरवला आणि कोरा कागद बोटांनी चाचपला. बराच वेळ चाचपत होती. मला वाईट वाटलं.

दादा

२२ फेब्रुवारी

दादा,

आता मात्र माझ्या नाकी नऊ आले आहेत.

गेल्या रविवारी लागलं होतं. खरंच लागलं. दुपारचं जेवण झालं, जावईबापू घरीच होते, म्हणून सहज करून बघितलं तर माझा पडदा, माझी फाइल, सगळं समोर. मला रडूच फुटलं. एक बाळ मांडीवर घेऊन उठत-बसत सातव्या भागाची नऊ पानं दुरुस्त केली, तोवर संध्याकाळ झाली. मग ते बाळ ओकलं, मी उठले, कपडे बदलून परत आले तर लाइन गेलेली. पुन्हा तो गोल.

जावईबापू म्हणाले, सापडलं. इंटरनेट कंपनी आपल्या घराचा पत्ता मधूनमधून बदलते, त्यामुळे आपण जुन्या दारावर थापा मारत बसतो. मग आठवडाभर कंपनीशी भांडण. फोनवर वाट बघायला लावायची, गाणी ऐकवायची, एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवायचं. शेवटी त्यांनी न बदलणारा पत्ता दिला. तरी लागत नाही. चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी दिली म्हणायची.

म्हणून काल वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला फोन केला आणि पाया पडून तुझ्याकडे पाठवलं. तिने जावईबापूंशी फोन चालू ठेवून तुझ्याकडून खोक्याची यादी उघडून घेतली. यादी रिकामी होती, दादा. एकही नियम नाही. जावईबापूंनी तिला तीनतीनदा विचारलं. तीनदा तिने सांगितलं, काही नाही, कोरी आहे.

मग तू रोज सकाळी सातला भरतोस ते काय भरतोस? सरळ लिही. येत नसेल तर येत नाही म्हण, त्यात कमीपणा नाही. सत्तरी उलटल्यावर हे कुणालाच येत नाही. पण केलं नाही आणि केलं म्हणालास, तर त्या मुलीचं वर्ष जाईल आणि दोष ना तुला लागेल ना मला. तिला लागेल. प्राध्यापक म्हणतील, बघा, सांगितलं होतं.

ठमी

२६ फेब्रुवारी

ठमे,

मी भरतो. रोज सकाळी सातला भरतो. बाविसाव्या मिनिटाला सुरुवातीला व्हायचं, आता चौथ्या मिनिटाला होतं.

शिक्षिका संध्याकाळी सात वाजता आली. संध्याकाळी सातला यादीत काय असणार? तिच्यासमोर मला खोटारडं ठरवायचं होतं तर निदान वेळ तरी नीट निवडायची होतीस.

तुझ्या लहानपणी तुझी पाटी मी पुसून द्यायचो, तू लिहायचीस आणि बक्षीसही तूच घ्यायचीस. तेव्हा मी काही बोललो नाही. आता बोलतो. मला खोटं बोलता येत नाही म्हणून बढती मिळाली नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मुलगी शनिवारी आली होती. मी 'अजून नाही' म्हणालो. तिने माझा हात सोडला आणि कठडा धरून जिना उतरली.

दादा

२ मार्च

दादा,

माफ कर. खोटारडा म्हणायचं नव्हतं मला. झोप नाही, त्यात हा ताप, आणि तोंड माझं आधीच धारेचं. जावईबापू तर आता खोक्याचं नाव काढलं की दुसऱ्या खोलीत जातात. त्यांच्या ऑफिसात चारशे कॉम्प्युटर ते एका खुर्चीत बसून सांभाळतात, आणि सासूचा एक त्यांना सापडत नाही, हे त्यांना फार लागलंय. परवा लेक म्हणाली, आई, तू आणि तो लॅपटॉप दोघं मिळून माझा संसार मोडणार.

तुझं ते यादी आणि सात वाजता वगैरे मला काही कळलं नाही. रागात तू कोड्यात बोलतोस. ते जाऊ दे.

जावईबापूंनी आता एकच मागितलंय, आणि ते नीट दे. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्या खोलीत तू काय काय करतोस, कुठल्या वायरीला, बटणाला, प्लगला हात लावतोस, ते वेळेसकट लिही. पंखा लावलास तरी लिही. त्यांचं म्हणणं, एखादा प्लग सैल असेल, एखादी वायर तुझ्या पायात येत असेल. एक्स्चेंजमध्ये ड्युटीची वही लिहायचास तशीच लिही. इथे पंचवीस दिवस उरलेत आणि आमच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.

ठमी

६ मार्च

ठमे,

काल पाच मार्चची नोंद.

सकाळी ६.५०. खोली उघडली. पडदा सारला. कंपनीच्या खोक्यावर चार दिवे, टेबलावरच्यावर तीन. सगळे हिरवे.

७.००. बोर्ड सुरू. खोक्याच्या यादीत ५०२१० चा नियम भरला, पासवर्ड बदलला. ७.०४ ला पूर्ण.

७.१०. ब्रेलच्या यंत्रावरची धूळ पुसली. प्लग हलवला नाही.

१०.३०. चहा खोलीत नेला. कप टेबलावर ठेवला नाही, खिडकीत ठेवला.

१.१५. जेवणानंतर खुर्चीत डुलकी. पाय वायरीपासून लांब.

४.००. पंखा लावला. ४.४० ला बंद केला.

६.००. बोर्ड मोकळा. टेबलावरच्या खोक्याच्या मागच्या भोकात टाचणी घालून दहा आकडे मोजले. दिवे विझून पुन्हा लागले. यादी कोरी असल्याची खात्री केली.

६.१०. खोली बंद.

कंपनीच्या खोक्याला मी हात लावत नाही. ते आपलं नाही.

दादा

९ मार्च

दादा,

टाचणी?

मी पत्र दोनदा वाचलं, मग जावईबापूंना वाचून दाखवलं. ते खाली बसले. बसून हसले, मग हसायचं थांबून भिंतीकडे बघत राहिले. महिना गेला दादा. कंपनीशी भांडलो, नवीन पत्ता घेतला, शिक्षिकेला पळवलं, तुला नाही नाही ते बोलले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या भोकात टाचणी घातली की खोकं सगळं विसरतं. नियम, पासवर्ड, सगळं. कारखान्यातून आल्यासारखं कोरं होतं. तू सकाळी सातला शिकवायचं आणि संध्याकाळी सहाला पुसायचं. आणि आम्ही कधी बघत होतो? सात वाजल्यानंतर. सकाळी लॅपटॉप जावईबापूंबरोबर ऑफिसात जातो आणि मला दिवसभर या दोन बाळांपुढे डोकं वर काढता येत नाही. रविवारी दुपारी लागलं ते का लागलं आणि का तुटलं, ते आता कळलं.

कशासाठी, ते सांगशील? कुणी सांगितलं तुला रोज टाचणी घालायला? हा म्हातारचळ आहे, दुसरं काही नाही. आजपासून त्या खोक्याला हात लावायचा नाही. टाचणी फेकून दे. अठरा दिवस उरलेत.

ठमी

१२ मार्च

ठमे,

कुणी सांगितलं नाही. खोक्याबरोबर माहितीचा कागद आला होता, त्यात लिहिलं होतं, सर्व जोडण्या मूळ स्थितीत आणण्यासाठी मागील छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबा. मला बरं वाटलं. म्हटलं, आजकालच्या बोर्डालाही ही सोय ठेवलीय. ड्युटी सोडताना बोर्ड मोकळा करावा हा आमचा नियम होता. तुम्ही दिवसा काम करताय असं मी धरून चाललो. संध्याकाळी सहानंतर कुणी बोर्ड वापरत असेल हे डोक्यातच आलं नाही. चूक माझी.

पण म्हातारचळ म्हणालीस म्हणून एक सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही, ती जाईपर्यंत.

तुझं लग्न ठरत होतं त्या वर्षीची गोष्ट. डोंगरापलीकडच्या गावाला आमच्या बोर्डावरून एकच लाइन होती. त्या दिवशी सहाला दहा कमी असताना एका व्यापाऱ्याचं बोलणं तिथे जोडलं. सहाला ते संपलं. संपल्याचा दिवा लागला तो मला दिसला. माझी पिशवी खांद्यावर होती, पाळी संपली होती. म्हटलं, पुढचा माणूस आलाच आहे, तो कॉर्ड काढेल. आणि मी निघालो. पुढच्याने बघितलं, कॉर्ड लागलेली आहे. त्याला वाटलं, मी सांगितलं नाही म्हणजे बोलणं चालू असेल, आणि दिवा नादुरुस्त असेल, तसे ते बरेचदा असायचे. चालू बोलणं तोडायचं नाही हाही नियमच होता. चाळीस मिनिटं ती लाइन अडून राहिली.

त्या चाळीस मिनिटांत तिथल्या दवाखान्यातून आपल्या गावच्या डॉक्टरला फोन लावत होते. एक बाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. लाइन मोकळी झाल्यावर डॉक्टर निघाले. बाळ राहिलं, बाई गेली.

चौकशीत दिवा नादुरुस्त असं ठरलं. मी त्यावर सही केली. दिवा चांगला होता, ठमे. मी खोटं बोलत नाही असं तुला लिहिलं, ते त्या एका सहीनंतरचं आहे. बढतीचा कागद त्यानंतर दोनदा आला, दोन्ही वेळा मीच नको म्हणालो.

तेव्हापासून सहाला बोर्ड मोकळा झाला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कधी उठलो नाही. तुझ्या खोक्यावर कुणाचा दवाखाना नाही हे मला समजतं. हाताला समजत नाही. टाचणी फेकून दे म्हणालीस, ती फेकून बघितली. सहा वाजता शर्टाच्या तुटक्या बटणाच्या जागी लावलेली पिन काढून हातात घेतली होती.

म्हणून असं ठरवलं आहे. बोर्ड मोकळा करायचा तो ड्युटी सोडताना. ड्युटी सोडलीच नाही तर मोकळा करायचा प्रश्न येत नाही. आज सहा वाजता खुर्ची टेबलाशी ओढली आहे. उशी आणली आहे. तुझं काम होईपर्यंत मी इथून उठत नाही.

दादा

१६ मार्च

दादा,

बारा तारखेला संध्याकाळी जावईबापूंनी सवयीने पत्ता टाकला, आणि लागलं. तुझं पत्र यायच्या आधीच. आम्ही श्वास रोखून बसलो. आठ वाजले, नऊ वाजले, तुटलं नाही. मला वाटलं, माझ्या ओरडण्याचा उपयोग झाला. मनात म्हटलं, दादाला शेवटी कुणीतरी खडसावायलाच लागतं. हे मुद्दाम लिहितेय, तुला कळावं मी काय विचार करत होते ते.

मग काल तुझं पत्र आलं.

मी म्हातारचळ म्हणाले ते परत घेते. घेता येत नाही हे माहीत आहे, तरी घेते. त्या वर्षी तू माझ्या लग्नात सगळ्यांच्या पंगती वाढल्यास आणि स्वतः जेवला नाहीस. आई म्हणाली होती, बहीण जाणार म्हणून जीव लागला असेल त्याचा. मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. इतकी वर्षं मी ते लोकांना सांगत आले.

वाचल्यावर लगेच पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दादा, झोपायला जा.' बऱ्याच वेळाने एकेक अक्षर उमटलं, 'ड्युटीवर'. जावईबापूंनी ते बघितलं. आणि आज ते लॅपटॉप घरी ठेवून गेले. ऑफिसात काय कारण सांगितलं देव जाणे. आता लेक दुपारी दोन तास दोन्ही बाळं घेते आणि मी कामाला बसते.

सातवा भाग आज छापायला सोडलाय. आठव्याच्या आकृत्या छळतायत. वर्तुळ बोटाला वर्तुळ लागायला हवं, बटाटा नको. पहिला कागद आला की तू डोळे मिटून बोट फिरव आणि पडद्यावर खरं काय ते लिही.

आणि खुर्चीत नाही तर निदान जमिनीवर गादी टाकून झोप. ड्युटीवर गादी चालत नाही असा नियम असेल तर तो मोड.

ठमी

२९ मार्च

ठमे,

नोंद देतो. आता तुला तारेची सवय झाली असेल.

सातवा भाग अठराला दिला. आठवा बावीसला. तुझी वर्तुळं पहिल्यांदा बटाटाच होती, तिसऱ्या वेळी जमली. तेवीसला यंत्रात कागद अडकला, चिमट्याने काढला, एकवीस पानं वाया गेली. यंत्राच्या टकटकीला वैतागून शिक्षिकेने अर्धा तास दार ठोठावलं म्हणे. मला ऐकू आलं नाही. शेवटी तिने दाराखालून चिठ्ठी सरकवली. मी तिला बोलावून ब्रेलचं एक छापलेलं पान तिच्या हातात दिलं आणि कशासाठी चाललंय ते सांगितलं. त्यानंतर ती रोज संध्याकाळी जेवणाचा डबा आणून देत होती. नववा भाग पंचवीसला दुपारी बांधून झाला. तो मी स्वतः नेऊन दिला. तेवढा पाऊण तास शिक्षिकेला खुर्चीत बसवून गेलो.

गादी टाकली नाही. कंबर धरली आहे.

परीक्षा झाली. मी कॉलेजच्या फाटकाशी उभा होतो, मुलीचा बाप माझ्या शेजारी. तीन तास आम्ही दोघं फाटकाकडे बघत होतो. ती बाहेर आली आणि आधी बापाशी बोलली. मग माझा हात शोधून त्यावर लिहिलं, दोन प्रश्न सुटले नाहीत, बाकी सगळं आलं. मी चष्मा पुसला. बापाने बघितलं, त्याने दुसरीकडे तोंड केलं.

काल तो एकटाच घरी आला. आला, बसला, पिशवीतून पुढच्या वर्षाचं गणिताचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. कागदावर लिहिलं, याचे किती भाग होतील? मी पुस्तक हातात घेऊन जाडी बघितली आणि म्हणालो, बारा. तुला विचारलं नाही. तू काय म्हणणार ते माहीत होतं.

आता ड्युटीचं. बारा भागांना वर्ष लागेल, आणि वर्षभर एकाच माणसाने खुर्चीत बसणं माझ्या कंबरेला झेपणार नाही. म्हणून पाळ्या लावू. सकाळी सात ते संध्याकाळी सहा माझी. सहानंतर तुझी, तू तिथे असेपर्यंत आणि परत आल्यावरही. सहाला दहा कमी असताना कुठलं पान कुठवर आलंय, यंत्र चालू आहे की बंद, कुठली लाइन लागलेली आहे, ते सगळं मी पडद्यावर लिहीन. तू वाचायचं आणि खाली लिहायचं, 'ताबा घेतला'. मग मी बोर्ड मोकळा न करता उठेन.

सोमवारपासून सुरू करू. लिहायला विसरू नकोस ठमे. ते दोन शब्द वाचल्याशिवाय मी खुर्ची सोडणार नाही.

दादा